फोनवरची अटक

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा भट्ट्यांच्या धगीत आयुष्य वेचून जमविलेली पुंजी आज वैशाली नगरातील एखाद्या निवृत्त गृहस्थापाशी असते, आणि हाताशी मोबाइल असतो. एके सकाळी तो वाजतो. पडद्यावर गणवेशातला माणूस दरडावतो, “तुमच्यावर गुन्हा दाखल आहे. जागचे हलू नका, कोणाशी बोलू नका, पैसे तपासणीसाठी पाठवा!”

यालाच ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. भामट्याचे खरे शस्त्र गणवेश नव्हे, एकांत होय. म्हणून फोन बंद करावा आणि शेजाऱ्याचे दार ठोठवावे. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. चोरीचा पैसा खात्याखात्यांतून पळत असतो, वेळीच कळविल्यास तो वाटेत अडविता येतो.

आणखी एक. हे भामटे परक्यांची खाती व सिमकार्डे वापरतात. चार पैशांच्या लोभाने आपले खाते कोणास वापरू देणे, म्हणजे शेजाऱ्याच्या घराची किल्ली चोराच्या हाती देणे होय.