खांद्यावरचा हात



आपल्या मालेगावाला कॅमेरा नवा नाही. नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' हा चित्रपट काढला, तेव्हा यंत्रमागावर काम करणारी इथलीच माणसं नट झाली. मी मात्र आज एका स्थिर फोटोबद्दल बोलणार आहे.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा माझे वडील गेले. ते मागावर रात्रपाळी करायचे. 'देवाघरी गेले' एवढंच मला सांगितलं गेलं, आणि त्यानंतर घरात त्यांचा विषय बंद झाला. भिंतीवर तेवढा एक फोटो लागला. आत्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून फोटोवाल्याने त्यांचा चेहरा उचलून मोठा करून दिला होता. त्या फोटोत त्यांच्या खांद्यावर चार फिकट डाग होते. ते डाग कसले, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. आईच्या डोळ्यांत पाणी येईल, या भीतीने लहान मुलं बरंच काही विचारत नाहीत.

पहिल्या पगारातून मी जुना कॅमेरा घेतला आणि वडिलांच्या वस्तूंचे फोटो काढू लागलो. सायकल, डबा, कपाळाला टेकवून झिजलेली पोथी. त्यांच्या कारखान्यातही गेलो. धोट्यातली कांडी बदलणारा एक हात टिपला, भुवयांवर कापसाचं तूस बसलेले चेहरे टिपले. हे फोटो आजीला दाखवले, तेव्हा तिने काही न बोलता पत्र्याची पेटी उघडली आणि तो मूळ ग्रुप फोटो माझ्या हातात दिला. वडील खुर्चीवर बसलेले, मागे स्टुलावर मी उभा. आजीने बोट ठेवलं आणि म्हणाली, "हाऊ तुना हात शे."

ते डाग म्हणजे माझी बोटं होती. फोटोवाल्याने मला पुसलं, पण बोटं पूर्ण पुसली गेली नव्हती. त्या रात्री आई पहिल्यांदा वडिलांबद्दल बोलली. ते शिट्टी कशी वाजवायचे, चहात साखर किती घालायचे, सगळं सांगत बसली. आम्ही दोघं रडलो आणि नंतर हसलोही.

कॅमेरा आणि दुःख यांची गाठ पडलेला मी एकटाच नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके तुम्हाला माहीत आहेत. चित्रपटाआधी ते फोटोग्राफर होते. गोध्रा इथे त्यांनी स्टुडिओ काढला. पुढे 1900 च्या सुमारास प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेलं. त्यानंतर धंद्यालाही फटका बसला, कारण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, अशी समजूत त्या काळी होती. 3 मे 1913 ला त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्यातल्या राजपुत्राच्या भूमिकेत त्यांनी आपला मुलगा भालचंद्र याला उभं केलं. मूल गमावलेल्या बापाने पडद्यावर आपलं मूल आणलं, हे आठवलं की माझा गळा दाटतो. ज्या कॅमेऱ्याला लोक जीव घेणारा म्हणत होते, त्यात माणूस जपलाही जातो.

पण फोटो नुसता भिंतीवर टांगला, तर तो मुका राहतो. त्याला बोलतं करावं लागतं. म्हणून मुलांनो, सुट्टीत आजी-आजोबांना घेऊन बसा. जुने फोटो काढा आणि कडेला कोण उभं आहे ते विचारा. मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. मोबाइलमधले चार फोटो कागदावर छापून घ्या. चेहऱ्यांबरोबर हातांचेही फोटो काढा: भाकरी थापणारे, गाठ मारणारे, तुमची वेणी घालणारे.

या मांडवात असंही एखादं मूल बसलं असेल, ज्याच्या घरातलं कुणीतरी या वर्षी गेलं आहे. बाळा, तुझं दुःख तुझ्या वयाएवढं लहान नाही, हे मला ठाऊक आहे. आणि तुम्ही बाकीच्यांनो, त्याला 'विसर आता' म्हणू नका. 'ते हसायचे कसे?' असं विचारा, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.

आज बक्षीस समारंभानंतर तुमच्या वर्गाचा फोटो निघेल. कुणी एकटा कडेला उभा दिसला, तर त्याला जवळ ओढा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवा. पुढे कधीतरी तो फोटो पाहताना तो हात कुणाचा होता, हे त्याला आठवेल.