पहिला रुपया कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

मंदी आली की शासनाने हात सैल सोडून खर्च करावा, हा विचार समाजवाद्यांना नवा नाही आणि परकाही नाही. बाजारात मागणी नाही म्हणून कारखाना बंद, कारखाना बंद म्हणून मजुरी नाही आणि मजुरी नाही म्हणून पुन्हा मागणी नाही, हे दुष्टचक्र खाजगी भांडवल आपणहून मोडत नाही. ते शासनालाच मोडावे लागते. केन्सने १९३६ साली ही गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. कष्टकऱ्याला ती अनुभवाने आधीच ठाऊक होती. तेव्हा तक्रार सरकारी खर्चाबद्दल मुळीच नाही. तक्रार आहे ती त्या खर्चाचा कैवार घेणाऱ्या राजकारण्यांबद्दल. मोठा आकडा जाहीर झाला की सत्ताधारी बाके वाजवतात. विरोधक आकडा आणखी मोठा हवा होता म्हणून ओरडतात. आणि यातला पहिला रुपया कोणाच्या हातात पडणार, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सुचत नाही.

२०२० सालचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात आहे. २४ मार्चच्या रात्री अवघ्या चार तासांची सूचना देऊन देश बंद करण्यात आला. शहरांतले मजूर पायी गावाकडे निघाले. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाडनजीक सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी मध्य प्रदेशातली ही माणसे गाडी पकडण्यासाठी रूळ धरून चालत होती आणि थकून रुळांवरच झोपी गेली होती. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या. त्यानंतर चारच दिवसांनी, १२ मे रोजी, वीस लाख कोटी रुपयांच्या योजनेची घोषणा झाली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम, असे तिचे वर्णन केले गेले.

हा आकडा उलगडून पाहावा. १३ ते १७ मे या पाच दिवसांत पाच पत्रकार परिषदा झाल्या आणि एकूण बेरीज २०,९७,०५३ कोटी रुपये सांगितली गेली. त्यांपैकी ८,०१,६०३ कोटी हे रिझर्व्ह बँकेने पतपुरवठा वाढवण्यासाठी योजलेल्या उपायांचे होते. तीन लाख कोटी हे लहान उद्योगांना तारणाशिवाय द्यावयाच्या कर्जाचे होते. म्हणजे पैसा बँकांचा आणि शासनाची केवळ हमी. घरी परतणाऱ्या आठ कोटी स्थलांतरित मजुरांना दोन महिने दरमहा पाच किलो धान्य देण्यासाठी ३,५०० कोटी रुपये होते. एकूण रकमेशी हे प्रमाण सहाशे रुपयांत एक रुपया असे पडते. ग्रामीण रोजगार हमीसाठी ४०,००० कोटींची वाढ मिळाली, ती शंभरात दोन रुपयांहूनही कमी. मार्चमध्ये जनधन खाते असलेल्या स्त्रियांना महिना ५०० रुपयांप्रमाणे तीन महिन्यांची मदत जाहीर झाली होती, रेशनवर जादा धान्यही मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याचा रोजगार बुडाला त्याच्या वाट्याला चिल्लर आणि ज्याच्याकडे बँकेत पत आहे त्याच्या वाट्याला नोटा, ही विभागणी त्यामुळे लपत नाही.

ही केवळ न्यायाची बाब नव्हे, अर्थशास्त्राचीही आहे. मजुराच्या हाती पडलेला रुपया त्याच आठवड्यात किराणा दुकानात जातो, तेथून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून कारखान्याकडे. उलट ज्याच्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक चढत नाही, त्याला कर्ज दिल्याने गिऱ्हाईक येत नाही. फक्त देणे वाढते. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न सुमारे चोवीस टक्क्यांनी घसरले. अशा वेळी निकड होती ती लोकांच्या खिशात पैसा पोचवण्याची.

याला एकच पक्ष जबाबदार आहे, असे मात्र समजू नये. २००८ च्या जागतिक मंदीत तेव्हाच्या सरकारने डिसेंबरमध्ये उत्पादन शुल्क सरसकट चार टक्क्यांनी उतरवले. किमती तेवढ्याच उतरल्या की फरक मालकाच्या गल्ल्यात राहिला, याची झडती लोकप्रतिनिधींनी नेटाने घेतली नाही. पुढे २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांवरील कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडल्याचे सरकारनेच सांगितले. वाचलेल्या करातून रोजगार निर्माण केलाच पाहिजे, अशी अट त्या सवलतीला नव्हती. दुष्काळी कामावरच्या बाईला दिवसाची मजुरी मिळण्याआधी हजेरीपटावर अंगठा उठवावा लागतो, खोदलेल्या मातीचे माप द्यावे लागते. करसवलतीला हजेरीपट नसतो आणि मापही नसते.

महाराष्ट्राला दुसरा मार्ग ठाऊक आहे, कारण तो याच भूमीत घडला. १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यातील सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या, नालाबांधांच्या कामांवर होती. डाव्या आणि समाजवादी पक्षांच्या कार्यकर्त्यांनी तेथे मजुरांना संघटित केले आणि तहसील कचेऱ्यांवर मोर्चे नेले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या चळवळीच्या रेट्याने कायद्यापर्यंत पोचली. विधिमंडळाने १९७७ साली कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला होता. मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकार भत्ता, असे त्याचे सूत्र होते. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे हा अनुभव होता.

या योजनेत खोटे हजेरीपट झाले, मजुरी थकली, भत्ता क्वचितच मिळाला, हे आक्षेप खरे आहेत. तरीही मजुराला तक्रारीसाठी कचेरीची पायरी चढता आली, कारण त्याच्या हाती कायद्याचा आधार होता. घोषणेतल्या आकड्यावर असा कोणाचाच हक्क नसतो. २०२०-२१ मध्ये सुमारे साडेसात कोटी कुटुंबे रोजगार हमीच्या कामावर आली. कायद्याने शंभर दिवसांची हमी असताना कुटुंबामागे सरासरी पन्नास-बावन्न दिवसच काम मिळाले. त्या वर्षीची सुधारित तरतूद १,११,५०० कोटी होती. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ती ७३,००० कोटींवर आली. वीस लाख कोटींसाठी बाके वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी या कपातीवर आवाज उठवला?

त्या काळात संसदही मिटलेली होती. २३ मार्चला स्थगित झालेले सभागृह १४ सप्टेंबरला भरले आणि तेव्हा प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला. घरी परतताना किती मजूर मृत्यू पावले, या लेखी प्रश्नाला श्रम मंत्रालयाने उत्तर दिले की, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. रुपयांची बेरीज शेवटच्या कोटीपर्यंत सांगणाऱ्या शासनाकडे माणसांची बेरीज नव्हती.

म्हणून, साथींनो, पुढची मंदी येईल आणि पुढचा मोठा आकडा जाहीर होईल, तेव्हा कार्यकर्त्याने आकड्याच्या आकारावर वाद घालत बसू नये. त्याने तीन प्रश्न विचारावेत. यात प्रत्यक्ष खर्च किती आणि कर्ज व हमी किती? पहिला रुपया कोणाच्या हाती पडणार? आणि तो मिळाला नाही, तर मागण्याचा कायदेशीर हक्क कोणाला आहे? मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो आपल्या बाजूचा असला तरी, हे प्रश्न ग्रामसभेत आणि कारखान्याच्या फाटकावर उभे राहून विचारले पाहिजेत. दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी तहसीलदाराला असेच विचारले होते, आणि त्यातून कायदा निघाला.