लाखीशच्या भिंती

बायबलमधल्या गोष्टी खऱ्या की खोट्या, हे उत्खननानं एकदाचं ठरवून टाकावं, असं पुष्कळांना वाटतं. इसवी सनापूर्वी ७०१ सालची एक स्वारी पाहिली, की हा निकाल किती अवघड आहे ते कळतं.

अश्शूरचा राजा सन्हेरीब त्या वर्षी यहूदावर चालून गेला. यहूदाच्या राजधानीत, यरुशलेममध्ये, हिज्कीया राज्य करत होता. हा प्रसंग बायबलमध्ये आहे, आणि खुद्द सन्हेरीबनंही तो मातीच्या षट्कोनी स्तंभावर कोरून घेतला. तो स्तंभ १८३० साली कर्नल टेलर यांच्या हाती आला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दोन्हीकडे खंडणीचं सोनं तीस किक्कारच (किक्कार हे त्या काळचं वजनाचं माप). चांदी मात्र बायबलात तीनशे आणि राजाच्या लेखात आठशे! वसुलीचा आकडा कोण फुगवतो, हे सांगायला नकोच.

शेचाळीस तटबंद गावं घेतली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, अशी फुशारकी सन्हेरीब मारतो. यरुशलेम जिंकलं, असं मात्र कुठंच म्हणत नाही. बायबल म्हणतं, देवदूतानं एका रात्रीत त्याचे एक लाख पंच्याऐंशी हजार लोक मारले. त्या रात्रीबद्दल कुदळ-फावड्यानं काय सांगावं?

यहूदातल्या लाखीश शहराबद्दल मात्र कुदळ भरभरून बोलते. बायबलमध्ये या शहराच्या पाडावाचं वर्णन नाही, स्तंभावर नावही नाही. पण निनवे इथल्या सन्हेरीबच्या राजवाड्यात उत्खनन करणाऱ्या लेयार्डला एक दालन सापडलं, त्याच्या भिंतीभर लाखीशचा वेढा कोरलेला. तटाला भिडवलेला उतार, त्यावरून चढणारी यंत्रं, सुळावर दिलेले कैदी. आणि बैलगाडीत बोचक्यांवर बसवलेली पोरंबाळं. पुढं लाखीशच्या टेकडीवर खणलं, तर तो उतार जागच्या जागी मिळाला, बाणांची टोकं आणि गोफणीचे गोटेही मिळाले. यरुशलेम हाती लागलं असतं, तर राजानं दालनात लाखीश कशाला मिरवलं असतं, हा अभ्यासकांचा तर्क मला पटतो.

यरुशलेममध्येही या काळाशी जोडली जाणारी एक खूण आहे: खडकातून खणलेलं एक भुयार, ५३३ मीटर लांब. झऱ्याचं पाणी तटाच्या आत आणणारं. हिज्कीयानं पाणी शहरात आणलं, असं बायबल सांगतं, आणि बहुतेक अभ्यासक ते काम हेच मानतात. १८८० साली पाण्यात खेळणाऱ्या एका मुलाला भुयाराच्या भिंतीवर लेख दिसला. दोन टोळ्या दोन टोकांकडून खणत आल्या, तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, असा त्यातला मजकूर. तो शिलालेख आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात राजाचं नाव नाही, देवाचंही नाही. आहे ते फक्त खणणाऱ्यांचं काम.