श्वासांचा हिशेब

हिवाळ्याच्या रात्री बालाघाटहून गोंदिया-नागपूरच्या वाटेने निघालेल्या रुग्णवाहिकेत कधी फुप्फुसदाहाचा, म्हणजे न्यूमोनियाचा, रोगी असतो. पहाटे त्याला अतिदक्षता विभागात घेतात. दाराशी उभा असलेला मुलगा डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतो, ‘बाबा वाचतील ना?’

या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने आकड्यांत शोधले आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेली ‘कर्ब-६५’ ही गुणपद्धती पाचच गोष्टी पाहते : रोग्याला भ्रम झाला आहे काय, रक्तातील युरिया वाढला आहे काय, श्वास मिनिटाला ३० किंवा अधिक आहेत काय, रक्तदाब वरचा ९० च्या खाली वा खालचा ६० पर्यंत उतरला आहे काय, आणि वय ६५ किंवा अधिक आहे काय. प्रत्येकाला एक गुण. मूळ पाहणीत तीन वा अधिक गुणांच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे बावीस तीस दिवसांत दगावले. उरलेले अठ्ठ्याहत्तर जगले, हे मात्र बहुधा कोणी त्या मुलाला सांगत नाही!

अतिदक्षता विभागात याहून बारीक हिशेब चालतो. १९८५ ची ‘अपाची-२’ पद्धती पहिल्या चोवीस तासांतील सर्वांत वाईट मोजमापे घेते. १९९६ ची ‘सोफा’ पद्धती सहा इंद्रियसंस्थांचा ताळेबंद रोज मांडते. ही दुसरी रीत अधिक शहाणपणाची वाटते. कारण पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा तिसऱ्या दिवशी तो चढला की उतरला, हे पुष्कळदा अधिक सांगून जाते.

परंतु आकडा शंभरांविषयी बोलतो, खाटेवरच्या एकाविषयी नव्हे. शिवाय ‘कर्ब-६५’ इंग्लंड, न्यूझीलंड व हॉलंडमधील रोग्यांवरून बेतलेली आहे. कुपोषण, क्षय, सिकलसेल, दवाखान्यापर्यंतचे अंतर यांची तिच्यात नोंद नाही. रक्तातील प्राणवायूचीही नाही. धाप लागलेला तरुण तिच्या लेखी सुखरूप ठरू शकतो. म्हणून केवळ गुण पाहून कोणाला घरी धाडू नये, की कोणाची आशाही सोडू नये.

बालाघाटच्या काठची वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्यात जाते. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी हाच हिशेब खेड्यातल्या झोपडीत नेला. निरक्षर दाईसाठी मण्यांची चौकट व एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तांबडा मणी सरकला की न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार अशा गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी होते.

ही मोजणी आईलाही जमते. खोकला असलेल्या दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० वा अधिक, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मोजताना मूल रडत नसावे. त्याला शांत करून, अंगावरचे कापड बाजूला सारून, पुरता एक मिनिट मोजावे.