क्रीडांगण आणि ख्रिस्ती बाळपण

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं वाडवडिलांनीं उभारलेल्या मंदिराविषयीं आपण कृतज्ञतेनें बोलतों, तें योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हातीं तें मंदिर पुढें सोंपवावयाचें, तीं मुलें या घटकेला बहुधा बाहेर खेळत असतील. त्यांच्या त्या खेळाविषयींच चार शब्द बोलावे, असें मीं योजिलें आहे. खेळानें शरीर सुदृढ होतें, पण आत्म्याला त्याचा काय उपयोग, अशी शंका पुष्कळांच्या मनांत असते.

संत पौल करिंथ शहरीं दीड वर्ष राहिला होता. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनीं मोठा क्रीडामहोत्सव भरे आणि विजयी वीराच्या मस्तकीं पानांचा मुकुट घालीत. तेथील ख्रिस्ती लोकांस लिहितांना पौलानें धावणाऱ्याचा व मुष्टियोद्ध्याचाच दृष्टांत घेतला. सुकून जाणाऱ्या मुकुटासाठीं खेळाडू एवढा संयम पाळतो, तर अक्षय मुकुटासाठीं आपण किती पाळावा, हा त्याचा प्रश्न होता. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत तर नियमांप्रमाणें न लढणाऱ्याला मुकुट मिळत नाहीं, असाही दाखला आहे.

आतां आपल्या गांवच्या कबड्डीकडे, म्हणजे जुन्या हुतूतूकडे, पाहा. चढाई करणाऱ्याचा हात आपणांस लागला कीं नाहीं, हें पुष्कळदां पंचालाही दिसत नाहीं. ज्याचें त्यालाच ठाऊक असतें. कोणीं पाहिलें नसतांही जो मुलगा आपण होऊन "मी बाद" म्हणतो, त्याची सदसद्विवेकबुद्धि जागी आहे. असा मुलगा पापनिवेदनाच्या वेळीं स्वतःशीं लपंडाव खेळणार नाहीं. शिवाय, बाद झालेला गडी "मेला" असें मुलें म्हणतात. पण त्याच्या सोबत्यानें प्रतिपक्षाचा गडी बाद केला, कीं तो पुन्हां "जिवंत" होऊन खेळांत येतो. तो स्वतःच्या पराक्रमानें उठत नाहीं, दुसऱ्याच्या श्रमानें उठतो. दुसऱ्याच्या बलिदानानें आपण जगतों, हें धर्मशिक्षणाच्या वर्गांत समजावून सांगावयास फार वेळ लागतो. त्याची पहिली चव मूल मैदानावर घेतें. खो-खोमध्यें आठ गडी खो मिळेपर्यंत बसून राहतात, आणि मिळतांच तत्क्षणीं उठतात. हा आज्ञाधारकतेचा धडा नव्हे काय?

परंतु खेळ आपोआप सद्गुण शिकवितो, असें कोणीं मानूं नये. त्याच मैदानावर शिवीगाळ, कपट आणि गर्वही शिकतां येतो. संघ निवडतांना शेवटपर्यंत उरणारें अशक्त मूल तेथेंच प्रथम जाणतें, कीं आपण कोणाला नको आहों. मग फरक कशानें पडतो? संत जॉन बॉस्को यांनीं तें ओळखलें होतें. १८४६ सालीं ट्युरिन शहराच्या वाल्दोक्को भागांत त्यांनीं गरीब, कामकरी मुलांकरितां जागा मिळविली. तेथें प्रार्थनाही होई आणि खेळही होई. बॉस्को स्वतः मुलांबरोबर खेळत, व सुटींत शिक्षकांनीं मुलांमध्येंच असावें, असा त्यांचा आग्रह असे. १८७७ सालीं त्यांनीं आपली शिक्षणपद्धति लिहून काढली. विवेक, धर्म आणि प्रेम हा तिचा पाया होय. अपराधानंतर शिक्षा करण्यापेक्षां आधींच मुलाच्या जवळ असावें, हें तिचें सार.

तेव्हां, पालकहो, मूल घरीं आलें कीं "जिंकलास का?" हा आपला पहिला प्रश्न नसावा. "कोणाला बरोबर घेतलेंस? पडलेल्याला कोणीं उठविलें?" असें विचारावें. जो बाप मुलादेखत पंचाशीं भांडतो, त्यानें दहा आज्ञा कोणत्या तोंडानें शिकवाव्या? मुलींनाही मैदान मोकळें असावें. धैर्य आणि संयम हे गुण केवळ मुलांसाठीं नाहींत.

रविवारचा सामना मिस्साच्या वेळीं ठेवूं नये. एरिक लिडेल हा स्कॉटिश धावपटु प्रॉटेस्टंट होता. पण १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारीं येते, म्हणून तो त्या शर्यतींत उतरला नाहीं. पुढें चारशे मीटरमध्यें त्याला सुवर्णपदक मिळालें. तथापि आपण मुलांना सांगावयाचें तें त्यागाविषयीं. कारण त्याग करतांना पदकाची हमी त्याला कोणीं दिली नव्हती.

ज्युबिलीची आठवण म्हणून एक लहानसा संकल्प करूं या. दर रविवारीं मिस्सानंतर आपल्यांपैकीं दोघां वडील माणसांनीं तासभर मैदानावर मुलांसोबत राहावें, आणि कोणतेंही मूल कडेला एकटें उभें राहणार नाहीं, एवढें पाहावें. याला पैसा लागत नाहीं. वेळ आणि माया लागते. बालकांना जवळ बोलावून आशीर्वाद देणारा प्रभु येशू आपल्या या संकल्पाला यश देवो.