जुन्या कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी व गंज



पंक्चर काढणारा, गाड्यांना रंग देणारा किंवा लहानसे गॅरेज चालविणारा गोमंतकातील होतकरू तरुण धंद्याच्या आरंभी पुष्कळदा जुना कॉम्प्रेसर घेतो. त्यात गैर काही नाही. मात्र मोटार फिरते की नाही हे जितक्या बारकाईने पाहिले जाते, तितके टाकीच्या पोटात काय आहे हे पाहिले जात नाही.

टाकीत पाणी येते कोठून? ते हवेबरोबरच येते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या, बाष्पाने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. अशी आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात कोंडली आणि ती पुन्हा तितकीच निवाली, की २४० ग्रॅमपैकी ३० ग्रॅमच वाफ तीत राहू शकते. उरलेले २१० ग्रॅम पाणी होऊन तळाशी साचते. आषाढ-श्रावणात किनारपट्टीची हवा कशी असते, हे येथे सांगावयास नकोच.

हे पाणी तळाचा पत्रा आतून खात जाते. बाहेरचा रंग मात्र तुकतुकीत राहतो. (नव्या रंगाची जुनी टाकी पाहून तर अधिकच सावध व्हावे.) दर चौरस सेंटीमीटरला ७ किलोग्रॅम दाब असता १०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे साधारण तळहाताएवढ्या जागेवर ७०० किलोग्रॅमचा भार येतो. पातळ झालेला पत्रा तो न सोसून फाटला, तर जवळचा माणूस प्राणास मुकू शकतो.

म्हणून वीज तोडून, दाब पूर्ण उतरवून तळाची तोटी काढावी व बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. वरवरचा तांबूस थर तितका चिंतेचा नाही. पोपडे वा खड्डे दिसल्यास जाणकाराकडून पत्र्याची जाडी मोजून घ्यावी व दाबाची चाचणी करवावी. ही चाचणी पाणी भरूनच करतात, कारण पाणी हवेसारखे दाबले जात नाही व टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. भोक पडलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ कदापि लावू नये. भोवतालचा पत्राही झिजलेलाच असतो. आतून रंग दिल्यानेही गेलेली जाडी परत येत नाही. अशी टाकी भंगारात द्यावी. मोटार व पंप चांगले असल्यास योग्य अशा दुसऱ्या टाकीवर बसविता येतात.

टाकी चांगली निघाली, तर ती तोटीकडे किंचित उतरती ठेवावी. रोज काम संपल्यावर थोडा दाब शिल्लक असताना तोटी हळूहळू उघडून पाणी काढावे आणि रात्री ती उघडीच ठेवावी.