चेंडू फेकायला शिकवताना

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, मी भाईंदर पूर्वेच्या वस्त्यांमध्ये काम करते. किशोरींच्या गटात आरोग्य, कायदा यांबरोबर मी सॉफ्टबॉलही शिकवते. "यात स्त्रीमुक्तीचं काय?" असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून आज तेच बोलते.

नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या हाती पहिल्यांदा चेंडू दिला, की ती समोर तोंड करून नुसत्या कोपरानं तो ढकलते. बघणारे हसतात, "पोरीसारखं फेकते." कुठल्याही उजवखोऱ्या मुलाला डाव्या हातानं फेकायला सांगा, तोही अगदी तसंच फेकेल! हा सवयीचा प्रश्न आहे. आधी आडवं उभं राहायला शिकवायचं. उजव्या हातानं फेकणारीनं डावा खांदा समोर धरायचा, डावं पाऊल पुढे टाकायचं, कंबर वळवायची, आणि मग हात. हंडे भरून खांदे बळकट झालेल्या आमच्या मुलींना हे पटकन जमतं.

नाव सॉफ्टबॉल असलं तरी चेंडू मऊ नसतो. बारा इंच घेराचा, चांगला कडक असतो. म्हणून सुरुवात जुन्या मोज्यात चिंध्या भरून करा. तोंडावर एकदा चेंडू बसला की मुलगी परत येत नाही, आणि आई तर पाठवतच नाही. फटका मारायलाही आधी उंच दांड्यावर ठेवलेला चेंडू द्या.

मग क्रिकेट का नको? तिथं मुलगे कित्येक वर्षं पुढे असतात. सॉफ्टबॉलमध्ये सगळेच नवखे. उलट मुलगे सवयीनं बॅट हातात घेऊनच पळत सुटतात. ती टाकून पळायचं हे मुली आधी शिकतात.

हा खेळ मुळात बायकांसाठी काढलेला नाही. १८८७ साली शिकागोत पुरुषांनीच तो बंद हॉलमध्ये सुरू केला. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलची 'लिटल लीग' १९३९ साली निघाली. १९५० साली कॅथरिन जॉन्स्टन मुलगा असल्याचं भासवून तिथं खेळली, तर पुढच्याच वर्षी मुलींना बंदी घालणारा नियम आला. १९७२ साली होबोकेन गावच्या मारिया पेपेला तीन सामन्यांनंतर संघाबाहेर काढलं. प्रकरण सुनावणीला गेलं तेव्हा लीगच्या बाजूनं मुलींच्या हाडांच्या कमकुवतपणाचे दाखले दिले गेले! तरी निकाल मुलींच्या बाजूनं लागला आणि १९७४ साली नियम बदलला. तोवर मारियाचं वय उलटून गेलं होतं. त्याच वर्षी लीगनं मुलींसाठी वेगळा सॉफ्टबॉलही काढला. दार उघडलं आणि शेजारी बाजूची वाटही करून दिली, असं मला वाटतं.

आमच्याकडे नियम कुणी करत नाही, मुली आपोआप गळतात. बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी येते, धाकटी भावंडं अंगावर पडतात. मिठागरं आणि खाडी यांच्या मधली जमीन इमारतींनी भरत गेली. उरलेल्या मैदानावर मुलगे आधीच स्टंप रोवून बसलेले. एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आलं, "मुलींनी कडेला खेळावं." दुसऱ्या दिवशापासून चार-पाच आया भाजी निवडायला मैदानाच्या मधोमध बसू लागल्या. आता संध्याकाळचा एक तास आमचा आहे.

आयांशी बोलताना मी शालेय स्पर्धा आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षणही सांगते. काहींना हा हिशेबीपणा वाटतो. वाटू दे. त्यामुळे मुलगी आणखी दोन वर्षं मैदानावर राहते.

जुने ग्लोव्ह्ज कुणाकडे असतील तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. डावखुऱ्या मुलींचे विशेष हवे आहेत.